बुचाभर पाणी

अंगठा आत गेला.

चावीकाकांनी जोर लावलाच नव्हता. एकतीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात काढलेला माणूस. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, या गल्लीला पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. नाव त्यावरूनच पडलं होतं. अशा हाताला जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही हे कुणी शिकवायला नको. त्यांनी अंगठा नुसता टेकवला होता, कुंडीतल्या झाडाच्या बुडाशी, आणि तो पिकल्या केळ्यात शिरावा तसा आत गेला. बाहेर काढला तर त्याला गटारासारखा वास.

"गेलं," काका म्हणाले.

मागे दारात त्यांची मुलगी उभी होती. अकरा दिवसांनी बापाला दवाखान्यातून घरी आणलं होतं तिनं. हर्नियाचं साधं ऑपरेशन, तीन दिवसांचं काम. पण टाका पिकला आणि मुक्काम लांबला. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ल्या. बाप खुर्चीवर टेकेल, पाणी मागेल, हुश्श म्हणेल, असं तिला वाटलं होतं. बाप चप्पलसुद्धा न काढता सरळ गच्चीवर.

"काय गेलं?"

"कोबी."

"असं कसं? रोज पाणी घातलंय मी. एक दिवस चुकवला नाही."

काका सावकाश वळले. "रोज?"

"रोज सकाळी एकेक मग. पानं सुरकुतायला लागली तेव्हापासून संध्याकाळीही. शेजारचे मास्तरच म्हणाले, उन्हाचे दिवस आहेत, घाल म्हणून."

आता याला काय म्हणावं! गच्चीवर शंभराच्या वर कुंड्या, आणि एकूण एक झाड असं की जे तहानेनं कधी मरत नाही, मरतं ते पाण्यानं. जाड गुबगुबीत पानांची झाडं ही. कधीतरी मिळालेला घोट पानांत, खोडात साठवायचा आणि त्यावर महिनाभर काढायचा, हा त्यांचा संसार. त्यांना दिवसाला दोन मग म्हणजे उपाशी माणसाला नव्हे, जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा पाटावर बसवणं. मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पाण्यात उभं असलेलं झाड वरून सुरकुततं, आणि बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला तहान लागली. की घाल आणखी. अति तिथं माती म्हणतात. इथं मातीचासुद्धा चिखल झाला होता.

"मी तुला सांगून गेलो होतो," काका म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवला की टाका ओढायचा. "शनिवारी. बाटलीनं. एका कुंडीला एक रेघ. बस."

"बाटलीला मी हात लावणार नव्हते."

झालं. विषय तिथं आला आणि तिथंच थांबला. पाच वर्षं तो तिथंच थांबत होता.

बाटली गच्चीच्या कोनाड्यात होती, होती तिथंच. जाड काचेची, एक लिटरची, आणि तिच्या अंगावर लाल रंगानं ओढलेल्या दहा रेघा. काकांच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एक लिटर, चहा, औषध सगळं धरून. वरचा थेंब नाही, कारण प्यायलेलं बाहेर पडायला वाटच नाही. काकांनी त्याच दिवशी बाटली आणली आणि रेघा ओढल्या. सकाळी भरायची, दिवसभर ती पुरवायची. ज्या माणसानं अर्ध्या शहराला पाणी पाजलं त्याच्या घरात पाणी रेघांनी मोजलं जायला लागलं. दैव काही वेळा फारच पाचकळ विनोद करतं.

दुसऱ्या वर्षी एकदा डायलिसिसहून येताना बायकोनं रुमालाची पुरचुंडी सोडली. आत एक पान. वॉर्डातल्या सिस्टरच्या खिडकीतल्या कुंडीतून गळलेलं, निळसर, करंगळीएवढं.

"सिस्टर म्हणते, कोरड्या मातीवर ठेवा आणि विसरून जा. येतं."

"पानातून झाड? कलम नाही, बी नाही, पाणी नाही? वेडी का तुझी सिस्टर?"

"ठेवा तर खरं. माझ्यासारखंच आहे हो हे. यालाही मोजूनच."

आलं. सात वर्षांत त्याचा केवढा पसारा झाला! पानांच्या पाकळ्या एकावर एक, कडा गुलाबी, घेर ताटाएवढा. शेजारच्या गच्चीतल्या मास्तरांनी एकदा गंभीरपणे विचारलं, "वहिनी, कोबी काढणीला कधी येतेय?" बायको पोट धरून हसली आणि नाव कायमचं चिकटलं. ती गेल्यावर काकांनी कोबीची पानं लावून लावून अख्खी गच्ची भरली, आणखी कुठून कुठून जातभाई गोळा केले. पण पहिली कोबी ती पहिली कोबी. तिच्याशी ते बोलत वगैरे नसत, तसला माणूसच नव्हे. फक्त सकाळचा चहा तिच्याजवळ बसून घेत.

आणि मुलगी? ती दूरच्या गावी, शिवणाचे वर्ग चालवणारी, दोन मुलांची आई. आईच्या शेवटच्या दिवसांत ती चार दिवस येऊन राहिली. चारही दिवस तिनं आईला पाण्यासाठी रडताना पाहिलं आणि बापाला बाटली कपाटात बंद करताना. जाताना दारात म्हणाली, "गावाला पाणी दिलंत. आईला एक घोट देववला नाही तुम्हाला." पुढल्याच आठवड्यात आई गेली. मुलगी तेव्हापासून फोन करायची, तब्येत विचारायची, औषधाची आठवण करायची. कर्तव्याला कुठे कमी नाही. पण बोलणं म्हणावं असं काही नाही.

"बरं," काका म्हणाले. त्यांनी चप्पल काढली, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. "आज सगळ्या कुंड्या रिकाम्या करायच्या."

"बाबा, डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय. सहा आठवडे. तांब्यापेक्षा जड उचलायचं नाही."

"म्हणून तर म्हणतोय. मी खुर्चीवर बसतो. हात तुझे."

"आज? आत्ताच आलोय आपण! आणि परवा माझी गाडी आहे."

"सड कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. वर चढते ती. आज उपसलं तर निम्मं वाचेल, उद्या उपसलं तर पाव. सुरी घे, जुनी वर्तमानपत्रं घे. दवाखान्यानं दिलंय ते स्पिरिट घे."

मुलीनं ओठ आवळले. नाही म्हणायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण केलेलं आपल्या हातानं, हे तिलाही दिसत होतंच. तिनं ओढणी कमरेला खोचली.

दुपारभर काम चाललं. काका खुर्चीवरून सांगत, ती करी. कुंडी आडवी कर, झाड हळूच ओढ, ओली माती झटक. मुळं बघ. पांढरी आहेत? ठेव सावलीत कागदावर. काळी, बुळबुळीत? काप. सुरी स्पिरिटनं पूस. प्रत्येक वेळी पूस, नाहीतर एकीची घाण दुसरीला. पुन्हा लावायचं नाही. आठवडाभर कागदावर असंच, उघडं.

"मुळं उघडी? वाळून जातील!"

"वाळू देत. जखम कोरडी झाल्याशिवाय मातीत घालायची नाही. माझा टाका का पिकला? ओल राहिली म्हणून."

"हे बरं शिकून आलात दवाखान्यातून."

काका हसले नाहीत, पण मिशी हलली.

चारच्या सुमारास मास्तर कठड्याशी आले. गच्चीभर वर्तमानपत्रं आणि त्यांवर उताणी पडलेली झाडं. "काय काका, आल्या आल्या प्रदर्शन भरवलंत?"

"तुमच्याच सल्ल्यानं, मास्तर."

"मी आपलं म्हणालो, पाणी म्हणजे जीवन..."

"शाळेत असताना हेच शिकवलंत ना पोरांना? तरीच."

मास्तर काहीतरी पुटपुटत आत गेले आणि जरा वेळानं कुणी न सांगता आणखी रद्दी घेऊन आले.

कोबी शेवटी ठेवली होती काकांनी. मुलीच्या ते लक्षात आलं होतं. ऊन उतरलं तेव्हा ते म्हणाले, "हं. आण तिला."

तिनं कुंडी त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. कोबी वरून अजून ऐटीत होती. खालची पानं तेवढी पिवळी, पाणी भरलेली, हात लागला की गळणारी.

"आता नीट ऐक. बूड गेलं. पण शेंडा वाचू शकतो. खोड आडवं कापायचं, कापलेल्या जागी बघायचं. पांढरंहिरवं दिसलं तर जिंकलो. मधे तपकिरी ठिपका दिसला तर सड वर गेली. मग आणखी वर कापायचं. चांगलं लागेस्तोवर."

मुलीनं सुरी पुसली. रोज थानंच्या थानं कापणारी बाई, कात्री हातात घेतली की कधी अडखळायची नाही. सुरी खोडाला लावली आणि पुन्हा उचलून घेतली.

"तुम्ही कापा, बाबा."

"मी काय, कापीन. पण मला मोतीबिंदू आहे, ठिपका दिसायचा नाही. तू काप."

तिनं कापलं. चकती पडली. मधोमध तपकिरी ठिपका, रुपयाएवढा.

"वर."

दुसरी चकती. ठिपका तेवढाच.

"वर."

तिसरी. चौथी. आता खोड संपत आलं होतं आणि पानं सुटायला लागली होती. पाचव्या कापाला सुरी थेट गाभ्यात गेली. तिथंही तोच तपकिरी डाग, ओला. आणि ताटाएवढी कोबी तिच्या हातात एकदम उलगडली. पानं पटापट खाली पडली, स्टुलावर, फरशीवर, तिच्या पायांवर.

मग मुलगी मटकन खाली बसली, पानांच्या पसाऱ्यातच, आणि जी रडायला लागली!

"मी मारली हो. आईची होती. मी मारली. पानं सुकलेली बघवेनात मला... कुणी पाणी मागतंय आणि आपण बघत बसायचं, हे मला जमतच नाही, बाबा. नाही जमत."

काकांना खाली बसता येत नव्हतं. त्यांनी खुर्ची घासत घासत पुढे आणली, तिच्या डोक्याला हात पुरेल इतकी. हात मात्र ठेवला नाही. पाच वर्षांची सवय एका दुपारीत सुटत नाही.

"मीही एकदा दिलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. तुझ्या आईला."

मुलीनं मान वर केली.

"उन्हाळा होता. तीन वाजले असतील. बाटली सकाळीच संपवून बसलेली. म्हणाली, अहो, एक पेला. एकच. रोज म्हणायची, मी रोज नाही म्हणायचो. त्या दिवशी नाही म्हणवलं. तांब्या भरून गार पाणी दिलं. उभ्या उभ्या प्यायली. आणि हसली गं! वर्षभरात तशी हसली नव्हती. मला वाटलं, एवढ्याशा सुखासाठी आपण हिला छळतो? मग आणखी एक तांब्या दिला. मी होऊन दिला. तिनं मागितलासुद्धा नव्हता."

त्यांनी घसा खाकरला.

"पहाटे तिला श्वास घेता येईना. आडवं होता येईना. छातीत पाणी भरलेलं. रुग्णवाहिका येईपर्यंत माझा सदरा मुठीत धरून बसली होती. सात दिवस मशीनवर. बोलायला लागली तेव्हा पहिलं काय म्हणाली? म्हणाली, अहो, पुन्हा माझी दया करू नका. मी रडेन, शिव्या देईन, पाया पडेन. तुम्ही द्यायचं नाही. मला अजून थोडं राहायचंय. शब्द द्या." काका थांबले. "दिला मी. पुढे आठ महिने राहिली ती. त्यातल्या शेवटच्या महिन्यात तू आलीस."

"मग मला सांगितलं का नाही? मी दारात तसं बोलले, तेव्हा का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू म्हणत होतीस, पाणी दिलं नाही. खरं तर दिलं होतं आणि त्यानंच ती आठ महिने आधी जायची होती. यातलं कुठलं सांगण्यासारखं होतं?" त्यांनी धोतराच्या सोग्यानं नव्हे, चक्क स्पिरिटच्या बोळ्यानं डोळा पुसायला घेतला आणि मुलीनं वेळेवर तो हातातून काढून घेतला.

"डोळा जाईल, बाबा!"

"मोतीबिंदूचाच आहे."

ती रडता रडता हसली. मग नाक पुसलं, आणि स्वतःच म्हणाली, "आता काय करायचं?"

"आता पानं वेच. पिवळी फेक. फाटलेली फेक. बुडाशी कोरडं, घट्ट, पूर्ण निघालेलं असेल तेवढंच ठेव."

बत्तीस पानांतली सात निघाली. तिनं ती पसरट ताटलीत कोरड्या मातीवर मांडली, बटणं लावावीत तशी अंतर मोजून.

"येतील?"

"आईनं एकच आणलं होतं."

परवाची गाडी गेली. मुलीनं घरी फोन लावला. "नाही, बाबा बरे आहेत. मला इथं काम आहे. झाडं लावायचीत... हो, झाडं. हसू नकोस. भाकरी येत नसेल तर भात लावा."

आठ दिवसांनी तिनं वाळवलेली झाडं कोरड्या, भरड मातीत एकेक करून लावली. शंभरातली एकसष्ट उरली होती. काकांनी तिला शिकवलं, ती शिकली. मधेमधे वादही घालत होती, हे चांगलं लक्षण. सात पानांतलं एक पहिल्याच आठवड्यात काळं पडलं. दोन सुरकुतून कागद झाली. एक मुंग्यांनी पोखरलं. मुलगी सकाळी उठली की आधी गच्चीवर. तीनदा तिचा हात नळाकडे गेला आणि तीनदा तिनं तो मागे घेतला. काकांनी हे खिडकीतून पाहिलं.

"काही न करणं किती अवघड असतं हो, बाबा," ती एकदा चहा घेता घेता म्हणाली.

"चार वर्षं केलंय मी."

तिनं मान हलवली. त्यावर दोघांनी चहा संपवला.

अठराव्या दिवशी सकाळी काका दाढीला बसले होते. गच्चीतून हाक आली. "बाबा! बाबा, इकडे या आधी!" अर्ध्या गालावर फेस तसाच घेऊन ते निघाले, आणि डॉक्टरांना धाब्यावर बसवून ताटलीवर वाकले. त्यांना काही दिसेना. मुलीनं ताटली उचलून त्यांच्या नाकाशी धरली. एका पानाच्या बुडातून गुलाबी धागा निघाला होता, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक, आणि त्याच्या मुळाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका.

"आहे ना? मूळच आहे ना?"

"तू सांगतेस तर आहे. तुझे डोळे शाबूत आहेत."

"आता पाणी?"

"आता पाणी."

ती कोनाड्याकडे गेली. थांबली. मग बाटली उचलली, ओढणीच्या टोकानं काचेवरची धूळ पुसली, नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरली आणि घेऊन आली. पाच वर्षांत पहिल्यांदा ती बाटली तिच्या हातात होती.

"एक रेघ?"

"वेडी का? रेघेत बुडून मरेल. बूच."

मुलीनं बुचात पाणी घेतलं. ताटलीशी उकिडवी बसली आणि श्वास रोखून त्या धाग्याच्या शेजारी, मातीवर, अर्धं बूच सोडलं. माती तेवढीच काळी झाली. ती थोडा वेळ बघत राहिली, मग उरलेलं अर्धं सोडलं आणि बूच झटकलं.

बाटली तशीच भरलेली होती. तिनं ती उन्हात धरली. दहाही रेघा पाण्याखाली.

"हे उरलेलं काय करू? सांडू?"

"सांडतेस कशाला," काका म्हणाले. "तू पी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसली आणि बाटली तोंडाला लावली. प्यायली. घोट घेत, थांबत, पुन्हा घोट घेत. घाई केली नाही. एक रेघ मोकळी झाली, दुसरी, तिसरी. पाचव्या रेघेला तिनं बाटली खाली घेतली, मनगटानं तोंड पुसलं आणि ती बापापुढे केली.

काकांच्या गालावरचा फेस वाळला होता. ते पायरीवर तिच्या शेजारी सावकाश टेकले आणि शेवटच्या रेघेपर्यंत प्यायले.